सोळावी भाजी

पेडगावकडच्या एका मळेवाल्याने मला फसवलं आणि मी चाळीस घरांना फसवलं. त्याने ते जाणूनबुजून केलं की नकळत, हे तो आजपर्यंत सांगत नाही. मी नकळत केलं, हे मी भर बाजारात सांगते. अर्थात खाणाऱ्याच्या पोटाला त्यामुळे काही फरक पडत नाही. विकणारीला ठाऊक होतं की नव्हतं, हे कडू भोपळा विचारत बसत नाही.

परभणीत मी भाजी विकते. गाडा माझा आहे, जागा भांडून मिळवलेली आहे आणि गिऱ्हाईक तोंडाच्या जोरावर टिकवलेलं आहे. माझं तोंड तिखट आहे, हे मला कोणी सांगायला नको. माल घेताना समोरचा माणूस "हा शेवटचा भाव" म्हणतो, तिथून माझं बोलणं सुरू होतं. भाव ठरला तरी मी जागची हलत नाही. "वरून काय टाकतोस?" हे विचारल्याशिवाय मी कधी माल उचललेला नाही. मूठभर मिरच्या, चार लिंबं, काहीही चालतं. फुकटचं घेण्यापेक्षा, समोरच्याच्या हातून अजून काहीतरी सुटलं, याचा मला आनंद होतो. या खोडीचा आज राग येतो, पण ती गेली आहे असं मी म्हणणार नाही.

भाजीतलं मला जे कळतं, ते बाजारात कळलेलं नाही. लग्नानंतर सात-आठ वर्षं मी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होते. आम्हा दहा-बारा जणींची टोळी होती आणि टोळीत सर्वांत वयस्क जी बाई होती तिला सगळ्या आत्या म्हणायच्या. मालकाच्या दृष्टीने आम्ही तण काढत होतो. आत्याच्या दृष्टीने आम्ही भाजी काढत होतो. तांदूळजा, घोळ, पाथरी, कुंजीर, पावसाच्या सुरुवातीचा कोवळा तरोटा. संध्याकाळी प्रत्येकीच्या पदरात घरच्यापुरती भाजी असायची आणि मालकाला वाटायचं, बायका गवत घेऊन चालल्या.

आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण बांधावरून चालताना ती झाडाचं एकेक अंग असं वेगळं करून सांगायची, की मला वाटायचं, हे झाड एक नाही, चार-पाच माणसांचं घर आहे. एकाच घरात एक भला, एक खुनी. सीताफळ आपण चाटून-पुसून खातो, गराचा कण सोडत नाही. त्याच गराच्या आत काळी बी. ती वाटून डोक्याला लावली की उवा मरतात आणि थेंबभर डोळ्यात गेली की माणूस आंधळा होऊ शकतो. गुंज अख्खी गिळली तर पोटातून जशीच्या तशी बाहेर पडते, म्हणायची, पण दाताखाली फुटली तर माणूस वाचणं कठीण. लालभडक, काळ्या डोळ्याची, बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही. पूर्वी सोनार तिच्यावर सोनं तोलायचे. एरंडाचं पान गरम करून गुडघ्याला बांधायचं, तेल बाळंतिणीच्या अंगाला चोळायचं, पण बी लेकरांच्या हाती लागू द्यायची नाही. कण्हेरीची फुलं देवाला चालतात, पण तिच्या काडीने कोणी दात घासू नयेत.

"आत्या, मग देवानं एकाच झाडात दोन्ही कशाला घातलं?" मी विचारलं होतं.

"तुझ्यात न्हाई का दोन्ही?" आत्या म्हणाली आणि सगळ्या हसल्या. माझा राग टोळीला ठाऊक होता.

काकडी, दोडका, भोपळा, असलं काही हाती आलं की आत्या आधी देठाकडची चकती कापायची. नखाएवढा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवायची. क्षणभर गप्प. मग एकतर गिळायची, नाहीतर थुंकून दोनदा चूळ भरायची. मला तिने एवढीच एक गोष्ट मारून-मुटकून शिकवली. बाकीच्या पाल्याबद्दल ती सांगायची, पण याबद्दल ती दटावायची. "येलावरचं फळ डोळ्याला कळत न्हाई बाई. गोड आन् कडू, दोघं जुळे दिसतेत."

म्हणून गाडा सुरू केल्यापासून रोज सकाळी माझा एक नेम आहे. माल उतरला की सुरी काढायची, काकडी, दोडका, दुधी यांच्या प्रत्येक ढिगातली एक चकती चाखायची आणि मगच मांडायचं. या नेमाला वर्षातून एकच दिवस सुट्टी होती.

तो दिवस महालक्ष्म्यांच्या जेवणाचा. बाकी महाराष्ट्र गौरी म्हणतो, आम्ही महालक्ष्म्या म्हणतो. त्या दुसऱ्या दिवशी जेवतात आणि त्यांच्या पानात सोळा भाज्यांची मिळून एक भाजी लागतेच. पंधरा चालत नाहीत. सतरा चालतील, पण सतरावीचे पैसे कोणी देत नाही. घरोघरी सोळा प्रकार कोण आणून चिरणार? म्हणून आम्ही भाजीवाल्या वाटे लावतो. दोन भेंड्या, चार गवारीच्या शेंगा, दोडक्याचा तुकडा, लाल भोपळ्याची फोड, एक छोटं कारलं, अळूचं पान, अंबाडीची काडी, असं करत सोळा मोजायचे आणि पिशवीत बांधायचे. बाया पिशवी उघडून पुन्हा मोजतात. दरवर्षी कोथिंबिरीवरून भांडण होतं. मी ती भाजीत धरते, त्या धरत नाहीत.

आणि त्या दिवसाचे दोन नियम आहेत, ते परभणीत कोणालाही विचारा. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही आणि प्रसादाचं पान टाकायचं नाही. एका वर्षी मी सवयीने काकडीची चकती तोंडात टाकली, ती एका बाईने पाहिली. "उष्टं केलं की हो!" म्हणून तिने वाटा गाड्यावर आपटला आणि तिच्याबरोबर आणखी तिघी निघून गेल्या. तेव्हापासून त्या एका दिवशी मी सुरी फक्त चिरायला वापरू लागले.

त्या साली श्रावणात पावसाने झोडपलं होतं. पालेभाजी सडली होती. पहाटे चाळीस वाटे पसरले, मोजले, तर प्रत्येकात पंधराच. कोथिंबीर धरून पंधरा. सोळावी काही केल्या मिळेना. शेजारच्या गाडेवालीकडे चार पडवळं होती, पण त्या दिवशी ती मला मातीसुद्धा उधार देणार नव्हती.

तेवढ्यात पेडगावकडचा तो मळेवाला दोडका आणि भेंडी घेऊन आला. ही दोन्ही पंधरात आधीच धरलेली होती. दोन वर्षांपासून त्याचा माल मी घेत होते. माल चांगला, माणूस गोडबोल्या. मी दोडक्याचा भाव पाडला. त्याने कपाळावर हात मारला. मी भेंडीचा पाडला. तो उठून जायचं नाटक करून परत बसला.

"अक्का, सणाच्या दिवशी तर गळा कापू नगंस," तो म्हणाला.

"सणाच्या दिवशीच कापू दे. वरून काय टाकतोस?"

"आता जीव टाकू का?"

"तुझ्या जिवाचे चाळीस तुकडे होत न्हाईत. देवीच्या नावानं काहीतरी टाक. सोळावी भाजी पाह्यजे मला."

तो थांबला. तो किती वेळ थांबला, हे मी नंतर शेकडो वेळा आठवून पाहिलं आहे. मग पोत्यात हात घालून त्याने तीन दुधी काढले. हिरवेगार, कोवळे, लव अजून गेली नव्हती.

"घरच्या येलाचे हायेत. येताना दिसले म्हणून तोडले. घे. देवीच्या नावानं घे."

मी जिंकले होते. तीन दुधींचे मी चाळीस तुकडे केले. रस बोटांना चिकटला. इतर वेळी बोट सहज तोंडाकडे गेलं असतं, त्या दिवशी मी ते लुगड्याला पुसलं.

सकाळी आठच्या सुमाराला मास्तरीणबाई आल्या. शाळेत शिकवतात, माझ्या जुन्या गिऱ्हाईक आहेत. माल ओळखतात आणि तोडीस तोड भांडतात. त्यांनी पिशवी उघडली.

"मावशी, कोथिंबीर यंदाही मोजलीत?"

"मोजली. हिरवी हाय, पानं हायेत, खातेत. भाजी न्हाई तर काय दगड हाय?"

"बरं, राहू द्या. पण दुधीचा हा तुकडा? देवीला नुसता वास द्यायचा का?"

रांगेतल्या दोघी हसल्या. रात्रभर झोप नव्हती आणि मला हसणं सहन होत नाही. शेवटच्या दुधीचा देठाकडचा पंजाएवढा भाग उरला होता, तो मी उचलून त्यांच्या पिशवीत टाकला.

"घ्या! अख्खा घ्या! आन् पुढच्या साली दुसरा गाडा बघा. माझ्याकडं पाय ठेवू नका."

बाईंनी पिशवी बांधली. पैसे ठेवून गेल्या.

दहा वाजता मी घरी आले. माझ्याही घरी महालक्ष्म्या बसतात. लेकीने पुरण वाटून ठेवलं होतं. मी वाट्यांतून उरल्यासुरल्या भाज्या चिरून फोडणीला टाकल्या, न चाखता. बाराच्या पुढे नैवेद्य दाखवला, आरती झाली, पानं वाढली. घरचे मालक, मी, लेक. मी पहिला घास भाजीचा घेतला.

कारल्याचा कडूपणा मला ठाऊक आहे. तो जिभेवर येतो, जरा टोचतो आणि निघून जातो. हा तसा नव्हता. हा सावकाश आला. आधी काहीच नाही, मग जिभेच्या मुळाशी, मग घशात, मग कानाच्या मागपर्यंत, जणू कोणी आतून बोट फिरवतंय. आणि तो जाईना. मला आत्याचा चेहरा दिसला, चकती जिभेवर ठेवून गप्प झालेला.

मी देवीसमोर घास थुंकला. मालकांच्या हातातला घास मी फटका मारून उडवला.

"अगं, येड लागलं का तुला?" ते ओरडले. "परसाद हाय त्यो!"

"भोपळा कडू हाय," मी म्हणाले. "जहर हाय. कोणी खाऊ नका."

लेकीने घासभर खाल्ला होता. तिला मोरीवर नेऊन मी तिच्या घशात बोट घातलं. ती रडत होती, मला शिव्या देत होती. मला तेव्हा एकच गोष्ट दिसत होती. चाळीस पिशव्या. चाळीस घरांत याच वेळी पानं वाढली जात होती. कोणी चाखलं नसणार. कडू लागलंच तर सगळे म्हणणार, कारलं जास्त पडलं. आणि कोणी पान टाकणार नाही. मी एखादा सापळा मुद्दाम लावला असता तरी इतका नेमका बसला नसता.

लेकीने गल्लीच्या ग्रुपवर निरोप टाकला, दहा-बारा जणींना फोन लावले. महालक्ष्म्यांच्या जेवणाला फोन कोण उचलतं? घरात उरलेला दुधीचा कच्चा तुकडा मी पिशवीत घातला, मालकांच्या गाडीवर मागे बसले आणि आम्ही निघालो.

गिऱ्हाइकांची नावं मला ठाऊक नसतात. पण कोण कशावरून भांडतं ते मला पाठ असतं, आणि भांडणावरून घर. गवार वाकवून बघणारी, सुट्ट्या पैशांची, वांगं दाबणारी, एकेक घर मी तसं आठवत गेले. दारात जाऊन ओरडायचं, "भाजी खाऊ नका, भोपळा कडू हाय." समोर नटलेल्या महालक्ष्म्या, समयांचा उजेड, सवाष्णी पानावर. आणि मी दारात घामाने भिजलेली, प्रसादाला विष म्हणणारी. एका घरातल्या म्हातारबुवांनी माझ्यावर तांब्या उगारला. एकीने तर दार लावून घेतलं, मी खिडकीतून ओरडले. पण बहुतेक ठिकाणी कोणीतरी म्हणायचंच, "तरीच! आम्हाला वाटलं कारलंय." बहुतेकांनी एखाद-दुसरा घास खाऊन पुरणपोळीकडे मोर्चा वळवला होता. काहींना उलट्या सुरू झाल्या होत्या. त्यांना मी दवाखान्यात पिटाळलं.

आता जे सांगते ते सांगायला जड जातं. मास्तरीणबाईंचं घर माझ्या वाटेवर तिसरं होतं. मी तिथे सर्वांत शेवटी गेले. मालकांनी गाडी वळवायला घेतली तेव्हा मी म्हणाले, आधी पलीकडची गल्ली करू, तिकडे लेकरं जास्त आहेत. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. सकाळी ज्या बाईला मी "पाय ठेवू नका" म्हटलं, तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवायला मला लाज वाटत होती. सर्वांत मोठा तुकडा तिच्या पिशवीत होता, हे मला ठाऊक असताना.

गेले तेव्हा जेवणं उरकली होती. बाईंचे सासरे बाहेर खुर्चीवर बसले होते. बाईंचे मालक सुपारी कातरत होते.

"भाजी खाल्ली का?" मी विचारलं.

"फार कडू होती हो," सासरे म्हणाले. "आम्ही दोघांनी सोडली पानात. सुनेने संपवली. प्रसाद टाकवत नाही म्हणाली."

शेवटी जेवायला बसलेली घरातली बाई. तिने आपलं पान खाल्लं आणि वर दोघांच्या पानातलं. आम्ही सगळ्या तसंच करतो. मी आत गेले. बाई मोरीपाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पिठासारखा. मला बघून हसायचा प्रयत्न केला.

"कारलं जास्त पडलं वाटतं, मावशी."

आणि त्यांना उलटी झाली. त्यात रक्त होतं.

ऑटोत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हातपाय गार पडत चालले होते. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्याने विचारलं, काय खाल्लं. मी म्हणाले, कडू दुधी. तो म्हणाला, दुधीने इतकं होत नसतं, आणखी काय खाल्लं ते आठवा. मी पिशवीतला तुकडा काढून त्याच्यासमोर धरला. "जिभंला लावा. गिळू नका." काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने लावला. लगेच थुंकला, नळाकडे धावला आणि चूळ भरता भरताच नर्सला सलाईन आणायला ओरडला. त्यानंतर त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही.

संध्याकाळपर्यंत बाईंचा रक्तदाब हाती लागत नव्हता. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. हातात तो तुकडा. मी त्याच्याकडे बघत होते. पांढरा, पाणीदार, मऊ. बियासुद्धा अजून कोवळ्या. वास काकडीसारखा ताजा. त्यात रागाची, इशाऱ्याची एकही खूण नव्हती. कण्हेर निदान चीक दाखवते. धोतऱ्याला काटे असतात. अळू घशाला आधीच खाजवतं. या भोपळ्याने काहीच सांगितलं नव्हतं. अख्खी परभणी बाजारात मोडीत काढण्याची माझी अक्कल आणि हे एक फळ, जे मला मुकाट्याने विकून गेलं. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त काहीतरी वाटलं. देवळात गाभाऱ्यात अंधारात उभं राहिल्यावर वाटतं तसं. इतक्या वर्षांत रोज दुधी विकूनही मी दुधीला ओळखतच नव्हते.

बाई वाचल्या. चार दिवस दवाखान्यात होत्या. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा डोळे उघडून बघत होत्या. मी पायाशी उभी राहिले, गिऱ्हाइकापुढे हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच.

"मावशी," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "तुकडा जरा मोठाच दिलात हो."

मी रडले. मग त्या म्हणाल्या, "आणि कोथिंबीर भाजी नाही."

बाई घरी गेल्या त्या दिवशी मी पेडगावची गाडी धरली. मळेवाल्याचं घर मळ्यातच आहे. तो नव्हता. त्याची बायको होती, साधी, बोलकी. दिवस मावळतीला आला होता.

"घरचा भोपळ्याचा येल कुठं हाय?" मी विचारलं.

"त्यो काय, उकिरड्यावर," तिने दाखवलं. "त्याचं आमी खात न्हाई."

वेल बघून मी जागच्या जागी उभी राहिले. इतका तालेवार वेल मी कुठल्या मळ्यात पाहिला नाही. उकिरड्यावरून चढून तो बाभळीवर गेला होता, बाभळीवरून पलीकडच्या छपरावर. ताटलीएवढी पानं, हाताला मखमल. आणि सगळ्या वेलावर पांढरी फुलं उमलायला लागली होती. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. माझ्या डोळ्यांदेखत एकेक पाकळी सुरकुतीतून सुटत होती आणि अंधुक उजेडात ती फुलं स्वतःच उजळल्यासारखी दिसत होती. मोठे पतंग येऊन घिरट्या घालू लागले. गुरांनी शेजारचं गवत मुळापर्यंत खाल्लं होतं, या वेलाच्या पानाला तोंड लावलं नव्हतं. एकाही फळाला भुंगा लागलेला नव्हता, अळी नव्हती. माझ्या मळेवाल्यांचे दुधी फवारून फवारून किडतात, आणि हा शेणाच्या ढिगावर राजासारखा.

वेलाच्या बुडाशी मला एक फुटका तुंबा दिसला. वाळलेल्या कडू भोपळ्याचा, ज्यात जुन्या बाया पेरणीचं बियाणं भरून आढ्याला टांगतात. त्यात ठेवलेल्या बियाण्याला म्हणे कीड लागत नाही. अर्धा मातीत गाडला गेला होता, त्याच्या तोंडातूनच वेलाचं मूळ निघालं होतं.

"ह्यो तुंबा कोणी टाकला?"

"मालकानं. फुटला म्हणून गेल्या उन्हाळ्यात..." ती बोलत होती, तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला.

"आत जा गं तू."

ती गेली. तो मोटारसायकल लावून समोर आला. गोड बोलणं कुठे गेलं होतं कुणास ठाऊक.

"बाई मरता मरता वाचली," मी म्हणाले.

"ऐकलं. बरं झालं वाचली."

"तुमी ह्याचं खात न्हाई म्हणं."

"उकिरड्यावरचं कोण खातं, अक्का?"

"आन् मला कशाला दिलंस?"

"तू मागितलंस. फुकट मागितलंस. देवीच्या नावानं मागितलंस. गोड हाय का कडू, इचारलं का तू?"

मी त्याच्या अंगावर धावले नाही, याचं मला आजही नवल वाटतं. कदाचित त्या फुलांमुळे असेल. मी एवढंच विचारलं, "पहिलं फळ धरलं तवा चाखलं होतंस का?" वेल लावणारा प्रत्येक माणूस पहिल्या फळाची चकती जिभेला लावतो. बी कुठलंही असो, उकिरड्यावरचा असो, परसातला असो. आत्या म्हणायची, ज्याच्या दारात वेल, त्याच्या जिभेवर त्याचा भार.

तो वेलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अंधार पडायलाय. शेवटची गाडी निघंल तुझी."

एक जून झालेलं फळ मी तोडून घेतलं. त्याने अडवलं नाही. आता ते वाळून माझ्या गाड्यावर टांगलेलं आहे, आत कोथिंबिरीचं बी आहे. त्याला अजून एकही किडा लागलेला नाही. जो कडूपणा बाईंच्या पोटात रक्त काढत होता, तोच बियाण्याची राखण करतो. ते फळ मी रोज बघते आणि रोज थोडी दबून असते.

आता महालक्ष्म्यांच्या दिवशीही मी सगळ्यांसमोर चाखते. काही गिऱ्हाइकं तुटली. मास्तरीणबाई मात्र पहिल्या रांगेत उभ्या राहून मोठ्याने म्हणतात, "मला मावशींनी चाखलेलीच भाजी द्या," आणि कोथिंबीर काढून परत ठेवतात.

पण मळेवाला बाजारात सांगत फिरतो, की अक्काला फुकटचं पचलं नाही. लोक हसतात. म्हणून हे लिहिते. माझ्या वाट्याचं मी सगळं सांगून बसले. मी वरून मागितलं, मी चाखलं नाही, मी रागाने मोठा तुकडा दिला, मी त्या दारी शेवटी गेले. यातलं काही मी नाकारत नाही. आता तू सांग, मळेवाल्या. तुझ्या दारचा वेल, तुझ्या हातचा तुंबा. त्या वेलाचं पहिलं फळ तू जिभेला लावलं होतंस की नव्हतंस? लावलं असशील, तर ठाऊक असून दिलंस. लावलं नसशील, तर ज्याची चव तुला ठाऊक नाही ते देवीच्या पानात घातलंस. दोन्हींतलं कोणतंही सांग, पण घरी नाही, वेलापाशी नाही. बाजारात ये, माझ्या गाड्यासमोर उभा राहा, मास्तरीणबाईंना बोलावते, आणि त्यांच्या तोंडावर सांग.